डाव्या हाताचा क्लच

मेहकरच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची शेड पाडायला काढली, तेव्हा तिच्यात एक मोटार निघाली. दोन सीटची, टप नसलेली, लांब नाकाची विलायती मोटार. चाकांना सायकलसारख्या तारा. फाटक्या बारदान्याखाली ती किती वर्षं उभी होती, हे जिनिंगच्या मालकांच्या घरातल्या कुणालाच नीट सांगता आलं नाही. भंगारवाला दुसऱ्या दिवशी गॅसकटर घेऊन येणार होता. ही बातमी अमडापूरला आमच्या घरी फोनवर आली, तेव्हा माझे सासरे जेवत होते. ताटात अर्धी भाकर होती. ती तशीच ठेवून ते उठले, हात धुतले आणि मेहकरची गाडी धरली.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजींनी सगळी नोकरी एसटीच्या मेहकर डेपोत पत्राकामात काढली. चेपलेल्या बस ठोकून सरळ करणं, रिबिटा मारणं, दारं बसवणं. नोकरीला लागले त्या काळात जिनिंगचे मालक ही मोटार घेऊन डेपोवरून जायचे, आणि ती दिसली की वर्कशॉपमधली माणसं हातोडे खाली ठेवून फाटकापाशी येत. एकदा तिचं दार चेपलं म्हणून मालकांनी ती डेपोत आणली होती आणि ते दार मामाजींच्या हाती आलं होतं. त्याबद्दल ते फार बोलत नसत. एवढंच सांगत, की तसा पत्रा त्यांनी नंतर कधी हाती धरला नाही.

मालक जाऊन बराच काळ झाला होता. त्यांच्या वयस्क पत्नी घरी होत्या. त्यांनी मामाजींना विचारलं, हे खोकं नेऊन करणार काय? मामाजी म्हणाले, चालवीन. बाई आत गेल्या आणि लोखंडी पेटीतून गाडीच्या नोंदणीचं जुनं पुस्तक शोधून आणलं. तोडून विकायची नाही, एवढीच अट घातली.

तिसऱ्या दिवशी मोटार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आमच्या अंगणात आली. उतरवताना तिच्या तळातून गंजाच्या पापुद्र्यांचा ढीग पडला आणि त्यात उंदरांनी कापसाचं केलेलं घरटं. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, त्या जागेवर मिरच्या वाळवत असत. मिरच्या आता कुठं वाळवायच्या, असं त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मामाजी गाडीच्या खाली होते.

माझं लग्न होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी चिखलीच्या रस्त्यावरच्या एका गावात हायस्कुलात शिकवते. मला लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय मांडीपासून बारीक आहे, त्याला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर लावून मी चालते. सकाळी माझे पती मला मोटारसायकलवर स्टँडपर्यंत सोडायचे आणि वांग्याच्या शेतावर जायचे, तिथून पुढे मी काळीपिवळी जीपने. जीपवाले चांगले होते. मॅडमसाठी पुढची सीट धरून ठेवायचे. पण जीप भरेपर्यंत ती निघत नसे, आणि माझं येणं-जाणं सगळं दुसऱ्याच्या निघण्यावर होतं. याची मला तक्रार नव्हती. तक्रार करावी अशी गोष्ट आहे, हेच मला सुचलं नव्हतं.

पहिलं वर्ष मामाजींनी नुसता गंज काढला. मला वाटलं होतं, ते खरवडतील आणि रंग देतील. त्यांनी गाडी पूर्ण उकलली. प्रत्येक भाग काढला की घरात आलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर त्याचं चित्र काढायचं, कुठला बोल्ट कुठे होता ते लिहायचं आणि पत्रिका तारेला ओवून ठेवायची. पत्र्याच्या आत लाकडाची चौकट होती, तिला वाळवी लागली होती. गावच्या सुताराकडून बैलगाडीला वापरतात त्या बाभळीची नवी चौकट करून घेतली. इंजिन जाम होतं. त्यात डिझेल आणि ऑइल सोडून ठेवलं आणि रोज सकाळी चहाच्या आधी मामाजी पुढच्या दांड्याला पान्हा लावून त्याला हलवून बघायचे. ते हलत नसे. मग ते चहा प्यायला यायचे. असे किती दिवस गेले कोण जाणे. एका सकाळी ते चहाला आलेच नाहीत, म्हणून मी बाहेर गेले. ते पान्हा धरून उभे होते आणि पान्हा सावकाश, घड्याळाच्या काट्यासारखा, फिरत होता.

सगळ्यात बघण्यासारखं होतं ते त्यांचं पत्रा ठोकणं. खालून लोखंडी ठोकळा लावायचा, वरून लाकडी हातोड्याने हलके घाव घालायचे, मग डोळे मिटून तळवा फिरवायचा. डोळ्याला जे सपाट दिसे तिथे त्यांच्या तळव्याला उंचवटा लागे. समोरचं डावं मडगार्ड नव्या पत्र्यातून त्यांनी दोन महिने घडवलं. मी शाळेतून आले की कॅलिपर सोडून ओट्यावर पाय पसरून बसायची आणि ते बघत राहायची. वर्गात मी मुलांना सबुरी शिकवायला बघते. इतकी सबुरी मी माणसात पाहिली नव्हती.

रंगाबद्दल घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, की एसटीवाला माणूस लालच देणार. त्यांनी मला विचारलं. मी गमतीने म्हणाले, वांग्याचा द्या. ते दुसऱ्या दिवशी शेतातलं एक वांगं खिशात घालून चिखलीला रंगवाल्याकडे गेले आणि त्याने ते वांगं पत्र्याशेजारी धरून रंग मिसळला. सीटा आत्याबाईंनी शिवल्या. मिरच्यांचं त्या विसरल्या नव्हत्या, पण रेग्झीनला दुसऱ्या कुणाचा टाका त्यांना पसंत पडला नसता.

मग तो रविवार आला. ब्रेकच्या नळ्या नव्या बसवल्या होत्या आणि त्यांतली हवा काढायची होती. त्यासाठी एकाने आत बसून ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने खाली चाकापाशी बोल्ट सैल करायचा. पती शेतात होते. मामाजींनी मला हाक मारली.

मी पहिल्यांदाच त्या गाडीत स्टिअरिंगमागे बसले. ते खालून म्हणत, दाब, आणि मी उजव्या पायाने ब्रेक दाबत होते. सोड. दाब. चारही चाकं झाली. आमचं चांगलं जमलं होतं. मग गाडीखालून त्यांचा आवाज आला, "आता क्लच दाब, बाई. किती येते ते पाहू."

क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो. ते पुन्हा म्हणाले, दाब. मी बसून राहिले. मला वाटत होतं, काहीतरी हसून बोलावं. मग ते सरपटत बाहेर आले, उठले आणि त्यांची नजर माझ्या डाव्या पायाकडे गेली. इतकी वर्षं एका घरात राहून ते त्या क्षणी माझा पाय विसरले होते. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं, हे मी त्यांना पुढे सांगितलं. त्या वेळी मात्र ते माझ्याकडे न बघता हौदावर गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले. त्या दिवशी काम तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, तर तारेला नव्या पत्रिका लटकल्या होत्या आणि त्यांवर हाताची चित्रं होती. मनगट, मूठ, कोपर. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, "क्लचले पायच पाह्यजे असं कोन सांगतलं?"

मी सरळ सांगितलं, मला गाडी चालवायची नाही. ते हो म्हणाले आणि मोजपट्टी घेऊन माझ्या कोपरापासून बोटांपर्यंतचं माप घेतलं.

पहिला उपाय साधा होता. दरवाज्याच्या बाजूला एक लांब लोखंडी दांडा बसवला, खालून तो क्लचला जोडला. उजव्या हाताने दांडा ओढला की क्लच दबतो. जोर लागे, पण माझे हात मजबूत आहेत. पायाचं काम ते लहानपणापासून करत आले आहेत. मामाजी शेजारी बसले आणि आम्ही घरामागच्या मोकळ्या जागेत गाडी हलवली. पहिल्या दिवशी जागेवरून दहा फूट. तिसऱ्या दिवशी पूर्ण फेरी. मला त्या फेरीनंतर झोपेतही तीच फेरी दिसत होती. मी चालवणार नाही असं म्हटलं होतं, तो विषय कुणीच काढला नाही.

आठव्या दिवशी वळण घेताना मला क्लच ओढावा लागला आणि उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला. डावा गिअरवर होता. तेवढ्या एका क्षणात स्टिअरिंगला कुणाचाच हात नव्हता. गाडी सरळ गेली आणि गुरांच्या गव्हाणीच्या दगडी भिंतीवर आदळली. आम्हाला दोघांना काही झालं नाही. पण समोरचं डावं मडगार्ड, दोन महिने घडवलेलं, कागदाच्या बोळ्यासारखं चुरगळलं.

पती धावत आले. आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी उतरले आणि कुणाकडे न बघता घरात गेले. त्या संध्याकाळी मी जेवले नाही. मामाजी माझ्या खोलीच्या दाराबाहेर आले. आत यायची त्यांची रीत नाही. बाहेरूनच म्हणाले, "पत्रा ठोकून सरळ होते, बाई. दांडा मी चुकीच्या जागी लावला. चूक मापाची हाये, तुही नाई."

मी म्हणाले, मामाजी, आता नको. माझ्याने तुमची मेहनत वाया गेलेली बघवत नाही.

ते म्हणाले, "नको त नको. पन मले जमलं नाई म्हनून मी कसा सोडू? हे काम आता माहं हाये."

आणि खरंच, त्यांनी मला पुढे एका शब्दाने आग्रह केला नाही. मडगार्ड काढलं, ठोकायला घेतलं, आणि त्यासोबत दुसरं काहीतरी चाललं होतं ते मला दिसत होतं. ते बुलढाण्याला गेले, जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांतून फिरले आणि ताटाएवढा एक काळा गोल डबा घेऊन आले. जीपच्या ब्रेकचा बूस्टर. इंजिन चालताना हवा ओढतं, त्या ओढीच्या जोरावर हा डबा ब्रेक दाबायला मदत करतो. मामाजींच्या डोक्यात आलं, की तो ब्रेक दाबतो तर क्लच का दाबणार नाही? मग माणसाच्या हाताला जोर लावायचा नाही, नुसता इशारा करायचा.

गिअरच्या दांड्यावर त्यांनी मोपेडच्या ब्रेकची मूठ बसवली. मूठ आवळली की एक छोटी झडप उघडते, डबा ओढतो, क्लच दबतो. तोच हात गिअर टाकतो आणि उजवा हात स्टिअरिंगवरून हलतच नाही. इंजिन मध्येच बंद पडलं तरी ओढ शिल्लक राहावी म्हणून घरात पडलेल्या जुन्या पितळी फवारणी पंपाची टाकी बॉनेटखाली लावली. तो आधीचा लांब दांडाही फुकट गेला नाही. त्याचाच हँडब्रेक झाला.

एकच गोष्ट जुळेना. मूठ सोडली की क्लच एकदम सुटायचा आणि गाडी बेडकासारखी उडी मारायची. पाय कसा हळूहळू उठतो. डब्याला ते कळत नव्हतं. मामाजी आठवडाभर जेवताना डावी मूठ आवळायचे आणि सोडायचे. आत्याबाईंनी मला हळूच विचारलं, यांच्या हाताला मुंग्या येतात काय?

उपाय शेतातून आला. माझे पती वांग्यांच्या ठिबकची नळी दुरुस्त करत होते आणि मामाजी बांधावर बसले होते. ठिबकचा तो लहान कॉक, पाण्याची धार हवी तेवढी बारीक करणारा. मामाजींनी तो मागून घेतला. पतींनी विचारलं, कशाले? ते म्हणाले, पान्याले अडवते, हवेले नाई अडवनार? हवा आत यायच्या नळीवर त्यांनी तो बसवला आणि पीळ देत देत बारीक केला. मूठ सोडल्यावर हवा हळूहळू शिरू लागली आणि क्लच हळूहळू सुटू लागला. स्वतः गाडीत बसून, डावा पाय उचलून मांडी घालावी तसा सीटवर घेऊन, त्यांनी गाडी अंगणभर फिरवली. असे ते पंधरा दिवस रोज फिरवत होते. त्या पंधरा दिवसांत त्यांचा डावा पाय एकदाही खाली आला नाही. गावातले लोक बघायला येत. कुणी म्हणे, पाय दुखते काय, काका? ते म्हणत, नाई, शिकून राह्यलो.

सोळाव्या दिवशी मीच ओट्यावरून उतरले आणि म्हणाले, मला बसू द्या.

आम्ही देवीच्या टेकडीकडच्या चढावर सराव केला. चढावर थांबायचं, पुन्हा निघायचं, गाडी इंचभर मागे जाऊ द्यायची नाही. मामाजींनी मागच्या चाकाच्या लगेच मागे पाण्याचा एक काचेचा पेला ठेवला. पेला फुटला तर? मी विचारलं. फुटला त दुसरा आनू, ते म्हणाले. तीन फुटले. आत्याबाईंनी चौथा स्टीलचा दिला.

कागदपत्रांना वेळ लागला. फेरफार केलेली गाडी आणि पायाने अधू चालक म्हटल्यावर बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयात बऱ्याच खेपा झाल्या, आणि त्या व्हायला हव्यात असंच मामाजींचं मत होतं. बिनतपासणीची गाडी रस्त्यावर येऊ नये, ते म्हणत. तपासणीच्या दिवशी निरीक्षक साहेबांनी बॉनेट उघडून पितळी टाकी पाहिली, ठिबकचा कॉक पाहिला आणि हे कुठल्या कंपनीचं, असं विचारलं. मामाजींनी तारेला ओवलेल्या लग्नपत्रिका त्यांच्या हाती दिल्या. साहेब उभ्या उभ्या एक एक पत्रिका उलटून बघत होते. मागे लोक खोळंबले होते. त्यांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या: नळीला दुसरं क्लँप आणि पायाखालच्या क्लचच्या पेडलवर झाकण. त्या करून आम्ही पुढच्या वेळी गेलो. साहेब माझ्या शेजारी बसले आणि मला गाडी गर्दीच्या रस्त्यावर न्यायला सांगितलं. परत आल्यावर ते मामाजींकडे गेले आणि त्यांचा हात हातात घेतला.

आता तिसरं वर्ष आहे. मी शाळेत याच गाडीने जाते. ती काही सोयीची गाडी नाही, हे मोकळेपणाने सांगते. उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता तिच्यात बसणं म्हणजे तव्यावर बसणं आहे. टप शिवून घेतला तरी पावसाळ्यात डाव्या कोपऱ्यातून गळतो. गरम झाली की मध्येच थांबून पाणी घालावं लागतं, आणि थांबले की पाच मिनिटांत दहा माणसं जमतात, त्यांतले निम्मे फोटो काढतात. पण सकाळी मी चावी फिरवते आणि मला निघायचं असेल तेव्हा निघते. ही गोष्ट इतरांना रोजच्या चहाइतकी साधी वाटेल. मला ती अजून सवयीची झालेली नाही. कधी कधी शाळा लवकर सुटते, तेव्हा मी काही काम नसताना पुढच्या गावापर्यंत जाते आणि परत येते. तिथे कुणाला भेटायचं नसतं.

प्लग साफ करणं, ऑइल बदलणं, त्या कॉकचा पीळ ऋतूप्रमाणे कमी-जास्त करणं मी शिकले. मामाजी खुर्ची टाकून बसतात आणि सांगतात. अलीकडे सांगणं कमी झालं आहे; चुकलं तरच खोकतात.

या हिवाळ्यात त्यांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढला. त्यानंतरच्या तपासणीसाठी त्यांना बुलढाण्याला मी नेलं. डोळ्यांवर काळा चष्मा, कानाला मफलर, हात मांडीवर. चिखली मागे पडल्यावर आमच्या पुढे एक खाजगी बस लागली. बरंच अंतर मी तिच्या मागे होते, पुढचं दिसत नव्हतं. मामाजी समोर बघत बसले होते; त्यांना नीट दिसत नसणारच. थोड्या वेळाने म्हणाले, "तिच्या मांगच्या कोपऱ्यातली रिबीट सुटली हाये. पत्रा वाजून राह्यला."

मी कान दिला. वाऱ्यात मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. पुढे रस्ता सरळ झाला, समोरून कुणी येत नव्हतं. मी मूठ आवळली, गिअर बदलला आणि बसच्या बाजूला आले. मागच्या चाकाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, पत्र्याचं एक टोक हलत होतं.

"आहे," मी म्हणाले.

"हाव," मामाजी म्हणाले आणि मफलर सारखा करून घेतला.